पंख्याची पारख रात्री होते: नाशिकच्या घरासाठी पंखा निवडणे, बसवणे आणि सांभाळणे

एप्रिलच्या दुपारी घामाघूम होऊन दुकानात शिरायचे, विक्रेत्याने पाच नंबरवर लावलेल्या पंख्याखाली मिनिटभर उभे राहायचे आणि ज्याचा वारा जोरात लागला तो पंखा उचलायचा, अशी खरेदीची रीत बहुतेक घरांत आहे. नाशिकच्या हवेचा विचार केला तर या रीतीत मूळ हिशेबच चुकतो. हे शहर सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवरच्या पठारावर वसलेले आहे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीला टेकला तरी रात्री तो बराच उतरतो आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास जोरात फिरणारा पंखा घरातल्या कोणाला तरी नकोसा होतोच. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही पंखा लागतो तो मुख्यतः झोपताना, आणि तोही बेताचा. म्हणून पंखा पूर्ण वेगात किती वारा फेकतो यापेक्षा तो एक-दोन नंबरवर कसा चालतो, आवाज करतो का, आणि खोलीत नेमका कुठे टांगलेला आहे, या गोष्टींना निवडताना अधिक वजन द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व सूचना याच क्रमाने, म्हणजे आधी खोली, मग पंखा, मग बसवणी आणि शेवटी रोजचा वापर, अशा मांडल्या आहेत.

आधी छताकडे पाहा

पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरून वारा खेळवतो, त्याने घाम लवकर सुकतो आणि आपल्याला गार वाटते. उलट पंख्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडत असते. माणूस नसलेल्या खोलीत ‘येईपर्यंत गार होऊ दे’ म्हणून पंखा चालू ठेवण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: पंखा जी हवा आपल्यावर ढकलणार आहे, ती त्याला मिळते कुठून? छताच्या पंख्याला ती मिळते त्याच्या वरच्या भागातून, म्हणजे थेट छताखालून.

सिडकोतील रो-हाऊसचा वरचा मजला, इंदिरानगर किंवा नाशिकरोड भागातील इमारतींचा शेवटचा मजला, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांलगत असलेल्या पत्र्याच्या खोल्या यांची अडचण इथेच आहे. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही कित्येक तास उष्णता सोडत राहतो, आणि छताखाली साचलेली तीच कढत हवा पंखा खाली आणतो. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे तिथे दुपार असह्य होते पण रात्र लवकर सुसह्य होते; स्लॅबचे याच्या नेमके उलट असते. अशा खोलीसाठी महागडा छताचा पंखा घेऊनही ‘पंख्याला वारा आहे पण गरम आहे’ ही तक्रार उरतेच. तिथे पैसे दोन ठिकाणी विभागावेत: गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुन्याचा हात द्यावा, आणि छताच्या पंख्याच्या जोडीला एक उभा किंवा टेबल पंखा ठेवावा, जो खालच्या पातळीवरची, खिडकीतून येणारी हवा उचलेल.

ज्यांचे घर मधल्या मजल्यावर आहे त्यांना हा त्रास जवळजवळ नसतो, आणि त्यांच्यासाठी एक चांगला छताचा पंखा पुरेसा होतो.

जुन्या नाशकातील आणि पंचवटीतील वाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. माती आणि लाकडाचे माळवद उन्हात फारसे तापत नाही, त्यामुळे तिथे वारा सुखाचा लागतो. काळजी असते ती पंखा टांगण्याची. तुळईत नुसता पेचाचा हुक फिरवून पंखा टांगू नये. कंपनाने तो पेच वर्षानुवर्षे सैल होत जातो आणि लाकूड आतून पोकळ असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. तुळईला वेढा घालणारा लोखंडी पट्टीचा क्लॅम्प आणि आरपार बोल्ट हीच योग्य पद्धत आहे. पावसाळ्यात तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला ओल येते का, वाळवीची माती दिसते का, हे टांगण्यापूर्वी सुताराकडून ठोकून पाहून घ्यावे.

आकार आणि जागा

छताच्या पंख्याचा आकार फिरत्या पात्यांच्या टोकांनी होणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावरून, मिलिमीटरमध्ये सांगितला जातो: ६००, ९००, १०५०, १२०० आणि १४००. घरोघरी दिसणारा ‘अठ्ठेचाळीस इंची’ पंखा म्हणजे १२०० मिलिमीटरचा. किती मोठा पंखा लागेल हे काढण्याची एक सोपी रीत बांधकामशास्त्रात रूढ आहे: खोलीची लांब बाजू मीटरमध्ये मोजावी आणि तिला ५५ ने गुणावे, येणारा आकडा म्हणजे पंख्याने दर मिनिटाला हलवायला हवी इतकी हवा, घनमीटरमध्ये. चार मीटर लांबीच्या खोलीला या हिशेबाने २२० घनमीटर लागतात आणि १२०० मिलिमीटरचा चांगला पंखा साधारण तेवढी हवा देतो. दहा बाय दहाच्या खोलीला १६८ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे १०५० मिलिमीटरचा पंखाही चालून जाईल.

तरीही झोपण्याच्या खोलीत, जागा असल्यास, मी १२०० चाच सल्ला देईन. मोठा पंखा सावकाश फिरवला तर तेवढीच हवा कमी आवाजात आणि अधिक पसरून मिळते; लहान पंखा जोरात पळवावा लागतो आणि त्याचा झोत एकाच जागी अंगावर आदळतो. लांबट दिवाणखान्यात मात्र मधोमध एक मोठा पंखा लावण्यापेक्षा खोलीचे मनाने दोन चौरस करावेत आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक पंखा घ्यावा, म्हणजे एका टोकाला कोणी नसेल तर तिकडचा बंद ठेवता येतो.

उंचीचे दोन आकडे पाळावेत. पाती जमिनीपासून किमान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट उंच असावीत, आणि छतापासून किमान ३० सेंटिमीटर खाली असावीत. दुसऱ्या आकड्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. खोली उंच दिसावी म्हणून आखूड दांडी लावून पंखा छताला चिकटवला तर त्याला वरून हवाच मिळत नाही, आणि नवा पंखाही वारा देईनासा होतो. नवीन घरात पीओपीचे छत करून घेणाऱ्यांनी दांडीची लांबी पीओपीच्या खालच्या पातळीपासून धरावी; पंखा टांगायचा मात्र वरच्या स्लॅबमधल्या हुकाला किंवा फॅन बॉक्सलाच, पीओपीच्या सांगाड्याला कदापि नाही.

टांगण्यापूर्वी पोटमाळा, कपाटाची वरची दारे आणि मुलांचा दुमजली पलंग यांच्याकडे एकदा पाहावे. दोन फूट खोल कपाट एका भिंतीला असेल तर खोलीचा मध्य आणि मोकळ्या जागेचा मध्य एक राहत नाही, आणि बिल्डरने हुक पहिल्या मध्यावर दिलेला असतो. दुमजली पलंगावर बसलेल्या मुलाचा हात जिथे पोहोचेल तिथे छताचा पंखा नकोच. भिंतीवरचा, जाळी असलेला पंखा घ्यावा. ट्यूबलाइट किंवा दिवा पात्यांच्या पातळीपेक्षा वर असेल तर फिरत्या पात्यांच्या सावल्या खोलीभर लुकलुकत राहतात आणि वाचताना डोके दुखते. पंखा हलवता येत नसेल तर दिवा खाली घ्यावा, तो खर्च कमी येतो.

मोटर कोणती घ्यावी

बाजारात आज दोन जातीचे पंखे आहेत. पहिला साधा, इंडक्शन मोटरचा. तो पूर्ण वेगात साधारण ७० ते ८० वॉट वीज घेतो आणि भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालतो. दुसरा बीएलडीसी, त्यात चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो तेवढ्याच वाऱ्यासाठी २८ ते ३५ वॉट घेतो आणि बहुधा रिमोटवर चालतो.

हिशेब करून पाहू. ७५ वॉटचा पंखा रोज दहा तास पूर्ण वेगात चालला तर पाऊण युनिट खर्च होते; ३० वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात ०.३ युनिट घेतो. रोजचा फरक ०.४५ युनिटचा. वर्षात आठ महिने, म्हणजे २४० दिवस पंखा चालतो असे धरले तर एका पंख्यामागे १०८ युनिटे वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांना दर बदलतो, त्यामुळे वाचलेली युनिटे नेहमी आपल्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. वहन आकार आणि वीज शुल्कही त्यांच्याबरोबर घटतो. स्वतःच्या बिलावरून त्या टप्प्याचा दर काढावा. तो सर्व मिळून दहा रुपये धरला तर वर्षाला एक हजार ऐंशी रुपये वाचतात, आणि दोन पंख्यांच्या किमतींतील फरक हजार-दीड हजारांचा असेल तर तो दीड वर्षाच्या आत भरून निघतो. पंखा रात्रभर कमी वेगात चालवणाऱ्या घरात दोन्ही पंख्यांचा खर्च उतरतो, म्हणून हा फरक थोडा कमी धरावा. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा वर्षातून मोजके दिवस लागतो, तिथे बीएलडीसीवर जादा पैसे घालू नयेत.

मात्र वीजबिलापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते कमी वेगावरचे वागणे. हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा केला की तत्त्वतः आठवा हिस्सा शक्ती पुरते. बीएलडीसी पंखा या नियमाचा बराच फायदा उचलतो आणि एक नंबरवर अगदी थोड्या वॉटमध्ये, गुणगुण न करता फिरतो. साध्या मोटरची कार्यक्षमता कमी वेगावर घसरते, आणि रेग्युलेटर फिरत्या बटणाचा, डिमर पद्धतीचा असेल तर ती रात्री ‘हूं’ असा बारीक आवाजही करते. संध्याकाळी व्होल्टेज पडले की साधा पंखा मंदावतो. बीएलडीसीचा वेग त्याच्या बोर्डामुळे टिकून राहतो. इन्व्हर्टरवर तो दुप्पट वेळ पुरतो हे तर उघडच आहे, आणि स्वस्त, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर साधा पंखा जो घरघराट करतो तोही त्याच्यात सहसा नसतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साध्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर गल्लीतला वायरमन पाच मिनिटांत बदलतो. बीएलडीसीचा बोर्ड गेला तर त्याच कंपनीचा बोर्ड शोधावा लागतो. मे महिन्याच्या अखेरीस वळीव कडाडतो तेव्हा वीज जाते-येते आणि त्या झटक्यांत असे बोर्ड दगावतात, म्हणून वादळ सुरू होताच भिंतीवरचे बटण बंद करावे. एकाच हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे असतील तर एका रिमोटला दोन्ही पंखे दाद देतात, हा त्रास घेतल्यावरच कळतो. दुकानात आधीच विचारावे. आणि घरात वयस्कर माणसे असतील तर अंधारात उशाशी रिमोट चाचपडण्यापेक्षा त्यांना भिंतीवरचे बटण सोयीचे पडते. त्यांच्या खोलीसाठी भिंतीवरून चालणारा बीएलडीसी पंखा शोधावा, किंवा सरळ चांगला साधा पंखा घ्यावा.

लेबल वाचणे आणि दुकानात पारखणे

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल बंधनकारक आहे. तारे कसे मिळतात हे समजून घेतले तर विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. पंखा दर मिनिटाला जितके घनमीटर हवा हलवतो, त्याला तो घेत असलेल्या वॉटने भागले की त्याचे सेवा-मूल्य निघते. त्या वेळी लागू झालेल्या निकषांत १२०० मिलिमीटरच्या पंख्याचे सेवा-मूल्य ४ असेल तर एक तारा आणि ६ किंवा अधिक असेल तर पाच तारे, अशी श्रेणी होती. म्हणजे २२० घनमीटर हवा आणि ३२ वॉट असलेल्या पंख्याचे मूल्य जवळजवळ ७ येते. पाच ताऱ्यांचे दोन पंखे सारखे नसतात हे यावरून कळेल: एकाचे ६.१ असू शकते, दुसऱ्याचे ७.५. शिवाय वॉट कमी ठेवून हवाही कमी देणारा पंखा भागाकारात चांगला दिसू शकतो, म्हणून हवेचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा. १२०० मिलिमीटरमध्ये तो २१० च्या खाली नसावा. आयएसआय चिन्हाखाली आयएस ३७४ हा क्रमांक आहे याची खात्री करावी.

मेनरोड, महात्मा गांधी रोड किंवा आपल्या भागातील दुकानात पंखा चालवून दाखवतात, तेव्हा तो एक नंबरवर लावायला सांगावे. विक्रेता नवल करेल, पण सांगावे. खाली उभे राहून आधी आवाज ऐकावा, मग हात वर करून वारा सर्व बाजूंना सारखा येतो का ते पाहावे. बंद केल्यावर पंखा डौलाने, सावकाश थांबला पाहिजे. मध्येच गचका खाऊन थांबणारा पंखा बाजूला ठेवावा. पात्यांवर नक्षी, सोनेरी रिंग, लाकडी छटा असे काही असेल तर त्याचे पैसे दिसण्याचे आहेत हे समजून द्यावेत. रंगाबाबत एक व्यवहारी सूचना: गडद तपकिरी पंख्यावर धूळ आठवड्यात दिसते, फिकट राखाडीवर महिनाभर दिसत नाही.

बिलावर पंख्याचा क्रमांक लिहून घ्यावा. बीएलडीसी घेत असाल तर बोर्डाची हमी मोटरच्या हमीइतकीच आहे का आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की पंखा उतरवून न्यावा लागतो, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत.

बसवताना वायरमनच्या पाठीशी उभे राहा

पंखा बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि वायरमनला पुढच्या घरी जायचे असते. त्याच्याशी न भांडता, पण लक्ष देऊन पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

सर्वप्रथम एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डावरचा मुख्य खटका, बंद करावा. भिंतीवरचे बटण बंद असणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरांत बटण वीज आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी परतीच्या, न्यूट्रलच्या तारेवर लावलेले सापडते. हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळून तो हलतो का हे वायरमन स्वतःच पाहतो. पाहत नसेल तर सांगावे. दांडी मोटरला जोडताना बोल्ट आरपार जातो आणि त्याच्या टोकाला स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवायचे असतात. ही लहानशी पिन पंखा पडण्यापासून वाचवते. ती खोक्यात राहून गेली असेल तर काम पूर्ण झालेले नाही. दांडीच्या वरच्या टोकाच्या शॅकलमध्ये, म्हणजे हुकात अडकणाऱ्या कडीत, रबरी रीळ बसवावे, तारेऐवजी खोक्यातलाच बोल्ट वापरावा, आणि पंख्यासोबत सुरक्षा-दोर आला असेल तर तो कंटाळा न करता हुकाला वेगळा अडकवून घ्यावा. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. ‘पंख्याला लागत नाही’ असे म्हणून ती कापली जाते, तसे करू देऊ नये.

पाती बसवताना तिन्ही एकाच खोक्यातली असावीत. कारखान्यात ती वजनाने जुळवून एकत्र भरलेली असतात. एक पाते दुसऱ्या पंख्याचे आले की पंखा डुलणारच. चालू केल्यावर खालून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरला तर वारा छताकडे जातो, आणि मोटर दुरुस्तीनंतर जोडणी चुकल्यास हे हमखास घडते.

बीएलडीसी पंख्याच्या वाटेत रेग्युलेटर ठेवू नये. तो काढून साधे बटण बसवावे, कारण रेग्युलेटरमधून येणाऱ्या विजेने बोर्ड बिघडू शकतो. साध्या पंख्यासाठी मात्र रेग्युलेटर टप्प्याटप्प्याचा, कंडेन्सर पद्धतीचा घ्यावा. जुन्या घरांतील मोठा, गरम होणारा रेग्युलेटर वेग कमी केल्यावर उरलेली वीज उष्णतेत जाळतो. तो अजून कोणाकडे असेल तर नव्या पंख्यापूर्वी तोच बदलावा.

रात्रीची व्यवस्था

नाशिकमध्ये उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की, म्हणजे साधारण जेवणाच्या वेळेनंतर, पश्चिमेच्या खिडक्या उघडाव्यात आणि टेबल पंखा विरुद्ध बाजूच्या खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवावा. पंखा बाहेर तोंड करून ठेवणे विचित्र वाटते, पण तो खोलीतली कोंडलेली गरम हवा बाहेर लोटतो आणि तिच्या जागी गार हवा आपोआप आत येते. तासाभराने तो काढून ठेवावा आणि छताचा पंखा एक-दोन नंबरवर लावून झोपावे. दिवसा याच्या उलट वागावे: सकाळी नऊ-दहाला उन्हाकडच्या खिडक्या आणि पडदे बंद.

पलंग पंख्याच्या अगदी मध्याखाली नसावा. मोटरखाली वारा कमी असतो आणि पात्यांच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या भागाखाली तो सर्वांत जास्त लागतो. म्हणून पाय जोराच्या वाऱ्यात आणि डोके थोडे बाहेर, अशी रचना घशाला आणि डोळ्यांना मानवते. मच्छरदाणी लावणाऱ्यांना वेग एका नंबरने वाढवावा लागतो. डास कमजोर उडतात, त्यामुळे वाऱ्याच्या झोतात ते अंगावर टिकत नाहीत, पण गोदाकाठच्या वस्त्यांत केवळ पंख्याच्या भरवशावर राहू नये.

टायमर असलेल्या पंख्यात पहाटे वेग कमी होण्याची किंवा बंद होण्याची सोय असते. नाशिकमध्ये ती चैन नसून फार उपयोगी गोष्ट आहे, विशेषतः लहान मुलांच्या खोलीत, कारण पांघरूण फेकून दिलेले मूल पहाटेच्या गारव्यात उठून पंखा बंद करत नाही.

दुपारी बाहेर चाळीस अंश असताना पंख्याच्या मर्यादा ओळखाव्यात. त्वचेचे तापमान पस्तिशीच्या आसपास असते. त्याहून गरम हवा अंगावर आली की गारवा केवळ घाम सुकण्यातून मिळतो, आणि वृद्धांना घाम कमी येतो. त्यांच्या मानेवर, हातांवर ओले फडके ठेवून पंखा लावावा आणि पाणी देत राहावे. मार्च ते मे हवा कोरडी असल्याने कूलरही इथे उत्तम चालतो. पाऊस सुरू झाला की तो बंद करून ठेवावा.

आवाज आणि बिघाड

पंखा हाताने ढकलल्यावरच सुरू होत असेल किंवा पाच नंबरवरही रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. तो बदलताना जुन्यावर छापलेलाच मायक्रोफॅरडचा आकडा, बहुधा २.५, घ्यावा. वेग वाढावा म्हणून मोठा कंडेन्सर टाकणारे कारागीर आहेत; त्याने वारा वाढला तरी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे, तापते. फक्त संध्याकाळी मंदावणारा पंखा बिघडलेला नसून व्होल्टेज कमी असते.

टकटक आवाज येत असेल तर आधी पात्यांचे स्क्रू आणि दांडीवरची वाटी तपासावी; वाटी सरकून दांडीला किंवा छताला घासत असते. घरघर वाढत जात असेल आणि बंद पंखा हाताने फिरवतानाही ती ऐकू येत असेल, तर बेअरिंग बदलायला झाले आहे. बंदिस्त बेअरिंगमध्ये वरून तेल सोडून उपयोग नाही. ते तेल मोटरवर ओघळून धूळ धरते. जुन्या टेबल पंख्याच्या बुशला मात्र मशीनच्या तेलाचे दोन थेंब मानवतात.

पंखा डुलत असेल तर पाती पुसूनच पुढची तपासणी करावी, कारण एका पात्यावर जास्त धूळ बसल्यानेही तोल जातो. मग छतावर एक खूण करून प्रत्येक पाते त्या खुणेखाली आणावे आणि टोकापासून छतापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेले पाते वाकलेले आहे. ते पत्रीजवळ, म्हणजे पाते मोटरला जोडणाऱ्या पट्टीजवळ, धरून हलकेच सरळ करता येते.

पाते वाकण्याचे मुख्य कारण दसरा-दिवाळीची साफसफाई हेच आहे. वरून दाबून पुसू नये. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून, दुसरा हात पात्याखाली टेकवून तो बाहेर ओढावा, म्हणजे धूळही अभ्र्यातच पडते. चिकट झालेल्या स्वयंपाकघरातील पात्यांना कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे फडके, नीट पिळून. मोटरवर पाणी उडवू नये. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पंखा जवळजवळ बंदच असतो. फेब्रुवारीत पुन्हा लावण्यापूर्वी ही सफाई एकदा केली तर पहिल्याच दिवशी अंथरुणावर धूळ पडत नाही.

जुन्या पंख्याचे काय करावे

जळालेल्या साध्या पंख्याचे वाइंडिंग पुन्हा भरून घेणे आता क्वचितच परवडते. भरलेली मोटर पूर्वीपेक्षा कमी वीज घेत नाही आणि खर्च नव्या पंख्याच्या बराच जवळ जातो. अपवाद करावा तो वाड्यांतील जुन्या, जड, लोखंडी पंख्यांचा, त्यांची मोटर जाड तारेची असते आणि चांगला कारागीर मिळाल्यास ती भरून घेण्याजोगी असते. चालू स्थितीतला जुना पंखा फेकू नये. कमी वापराच्या खोलीत किंवा ओट्यावर तो चालतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाचा पंखा पात्यांसह खोक्यात बांधून माळ्यावर ठेवावा, स्वतःचा बीएलडीसी लावावा आणि घर सोडताना अदलाबदल करावी. तेव्हा काढलेला रेग्युलेटरही परत बसवावा लागतो, म्हणून तोही त्याच खोक्यात असू द्यावा. भंगारात देताना मोटर तांब्याच्या तारेची असेल तर तिचा भाव लोखंडापेक्षा बराच अधिक मिळतो, तेव्हा वजन वेगवेगळे करून घ्यावे. बीएलडीसीचा बोर्ड आणि रिमोट मात्र ई-कचऱ्यात द्यावेत.